चुकीच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी

त्या रविवारी विनंतीच्या डब्यात वत्सलाबाईंची चिठ्ठी नव्हती. मी डबा उलटा केला, बुडावर दोन थापा मारल्या, झाकणाच्या आत चिकटली असेल म्हणून तिथं नख फिरवून पाहिलं. बाकीच्या सतरा चिठ्ठ्या टेबलावर पडल्या होत्या. दहावीची परीक्षा, मूतखडा, जावयाची दारू, सगळं नेहमीचं. बाहेर देवळात पेटी सुरू झाली होती आणि मी टाय सैल करून त्या रिकाम्या डब्यात पाहत बसलो, एखाद्या थांबलेल्या मीटरच्या काचेत पाहतो तसा. काटा हलत नाही म्हणजे पाणीच येत नाही, की पाणी येतंय आणि मीटर मेलाय, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. तीन वर्षं, मनमाडला मुलीकडे गेल्या ते पाच-सहा रविवार सोडले तर, वत्सलाबाईंची चिठ्ठी चुकली नव्हती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा चौकोनी तुकडा, त्यावर निळ्या शाईत 'दीपक घरी येणे', आणि खाली वत्सलाबाई भालेराव. ती आज का नव्हती, हे मला ठाऊक होतं. आदल्या रविवारी मीच, मंडळीचा सेक्रेटरी रंगनाथ चिमाजी साळवे, त्यांच्या मुलाला, दीपकला, घरी आणून सोडलं होतं.

आमचं देऊळ, म्हणजे चर्च, शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला आहे, छोटं, कौलारू. तिथं उपदेशाच्या आधी दोन गठ्ठे वाचायची पद्धत आहे. आधी विनंत्या, म्हणजे देवाकडे काय मागायचं ते, आणि मग उपकारस्तुती, म्हणजे त्यानं काय दिलं ते. दारापाशी बिस्किटांचे दोन जुने डबे ठेवलेले असतात. पूर्वी लोक चिठ्ठीत पानभर लिहायचे, कुणाची सासू कुणाला काय बोलली इथपासून. पंचकमिटीत मीच ठराव आणला की नाव आणि विषय, पाच शब्दांच्या आत, बाकीचं देवाला माहीत असतं. सगळे हसले आणि ठराव पास झाला. दोन्ही डबे रिकामे करायचे, चिठ्ठ्या वहीत उतरवायच्या, गठ्ठ्यांना रबर लावायचं आणि वाचायच्या, हे काम बारा वर्षं माझ्याकडे आहे. त्या आदल्या रविवारी रबर लावता लावता आमच्या सौ., सुवर्णा, खिडकीतून डोकावल्या. "अहो, चहाची साखर कुणी आणायची होती?" साखर मी आणायची होती. मी मान वर केली, खिसे चाचपले, काहीतरी सबब सांगितली, आणि तेवढ्यात एक चिठ्ठी या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात गेली. इतकंच झालं. मग मी नेहमीच्या सुरात वाचत गेलो. गॅसचा सिलिंडर पाहुणे यायच्या दिवशीच आला, उपकारस्तुती. हरवलेली किल्ली शेंगदाण्याच्या डब्यात सापडली, उपकारस्तुती. भाडेकरूनं आपण होऊन खोली सोडली, उपकारस्तुती. हा मात्र मलाही चमत्कारच वाटला. "वत्सलाबाई भालेराव. दीपक घरी आला, याबद्दल उपकारस्तुती." वाचताना मी ऐकत नाही. मीटर वाचणारा कुठं त्या नळाचं पाणी पितो? पण मंडळीनं ऐकलं. सगळं देऊळ एका आवाजात "आमेन" म्हणालं, मागच्या बाकावरची पेंगणारी म्हातारी माणसंसुद्धा, आणि बायकांच्या बाजूला पुढच्याच बाकावर वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या. तोंड थोडं उघडं. डाव्या हातात गीतांचं पुस्तक, उजवा हात कमरेच्या किल्लीवर. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी चिठ्ठीकडे पाहिलं तेव्हा मला ते निळं अक्षर दिसलं. तेव्हाच बोलायचं होतं. पण पेटीवाल्यानं सूर धरला, सगळे उभे राहिले, आणि उभ्या माणसांच्या मधून वत्सलाबाई भराभर दाराकडे गेल्या. चपला घालतानाचा आवाजसुद्धा मला ऐकू आला, असं मला अजून वाटतं. त्या गर्दीत आणि त्या गाण्यात तो ऐकू येणं शक्य नाही.

मी महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात मीटर वाचतो. वीस वर्षं झाली. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक. या तीन रकान्यांत माणूस किती मावतो, हे सांगितलं तर खोटं वाटेल. कुणाच्या घरी सून आली, कुणाचा मुलगा वसतिगृहात गेला, कुणी गुपचूप शेजारच्याला नळी दिली, हे त्या घरातल्या माणसांच्या आधी मला कळतं. तीच सवय मी देवळातल्या वहीत नेली. नाव, विषय, तारीख, आणि माझ्यापुरता पेन्सिलीनं आखलेला एक चौथा रकाना: विनंती केलेली गोष्ट उपकारस्तुती होऊन परत आली का. बारा वर्षांचा हिशेब माझ्याकडे आहे. शंभरातल्या एकतीस परत येतात. त्यांतल्या बऱ्याचशा ताप, परीक्षा आणि बदल्या. ताप बहुधा उतरतोच आणि परीक्षेचा निकाल बहुधा लागतोच. उरतात तीन-चार, ज्यांचं मला काही सांगता येत नाही. त्यांच्यापुढे मी पेन्सिलीनं एक टिंब देऊन ठेवलंय. ही वही मी कुणाला दाखवलेली नाही. सुवर्णानं एकदा पाहिली आणि म्हणाली, "देवाचं मीटर वाचताय होय? बिल कुणाला देणार?" ती चेष्टेनं म्हणाली. मी हसलो. पण मला खरंच कुणाला तरी बिल द्यायचं होतं, आणि पत्ता सापडत नव्हता.

कारण मी स्वतः एक चमत्कार आहे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. आमच्या मंडळीत ते पंधरा वर्षं सगळ्यांना पाठ होतं. माझे वडील, अप्पा, हरसूलकडे प्रचारक होते. सायकलवर बायबल आणि कुनैनच्या गोळ्या घेऊन पाड्यापाड्यांवर जायचे. मी चार वर्षांचा असताना मला ताप भरला, डोळे फिरले, आणि दिवस मावळतीला आला तसं अप्पा मला खांद्यावर टाकून सडकेवर येऊन उभे राहिले. एस.टी. गेलेली. दुसरी गाडी नाही. अप्पांनी प्रार्थना केली. "आणि आमेन म्हनून डोळं उघडतोय न उघडतोय, बांधवांनो, तं वळनावर जीप!" ड्रायव्हरनं नाशिकच्या दवाखान्यापर्यंत आणलं आणि पैसे घेतले नाहीत. दर नाताळच्या आठवड्यात अप्पा ही साक्ष द्यायचे, आणि शेवटी मला उभं करायचे. "ह्यो त्यो." बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. दहा-अकरा वर्षांचा झालो तरी फिरवायच्या. मला त्या हातांचा खोबरेल तेलाचा वास आठवतो, आणि आपण केवळ उभं राहिलो तरी लोकांचे डोळे भरतात, याची मजाही आठवते. मग एकोणिसाव्या वर्षी मी कुठल्याशा पाहणीच्या तात्पुरत्या नोकरीवर हरसूलला गेलो. सडकेवरच्या हॉटेलात चहा पिताना सहज विचारलं. हॉटेलवाला म्हातारा म्हणाला, "जीप ना? ठेकेदाराची. दर बाजाराला यायची. बाजार उठला का दिवस मावळता नाशिकला परत. तुमचा बाप बी इथंच बसायचा की चहाला." मी तारखा काढल्या. आईला विचारून घेतलं, मी आजारी पडलो तो वार बाजाराचाच. त्या संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "अप्पा, ती जीप दर बाजाराला यायची. तुम्हाला माहीत होतं." अप्पांचा भाकरी मोडणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ताटातल्या मिठाकडे पाहिलं. "व्हय," ते म्हणाले, "यायची." एवढंच. पुढच्या नाताळात साक्षीला त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते म्हणाले, "या खेपेला दुसऱ्या कुणाला द्या." त्यानंतर नऊ वर्षं जगले, पण जीप पुन्हा त्या वळणावर आली नाही. मलाही कुणी उभं केलं नाही. मी बरोबर होतो. त्या जेवणापासून आजपर्यंत मी बरोबरच आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून वत्सलाबाईंकडे जायला पाय उचलेना. आधी पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, येत्या रविवारी दुरुस्ती वाचतो."

"कसली दुरुस्ती?"

"की दीपक आलेला नाही."

साहेबांनी चष्मा काढून धोतराच्या कडेनं पुसावा तसा आपल्या झग्याच्या बाहीनं पुसला. "म्हणजे तुम्ही व्यासपीठावरून सांगणार, की देवानं दिलं नाही?"

"तसं नाही साहेब. मी चुकीचं वाचलं, एवढंच."

"तुम्ही एवढंच सांगाल हो साळवे, पण ऐकणारा काय ऐकेल? बाई काही बोलल्या का?"

"नाही."

"मग थांबा. प्रभू कधी कधी चुकीतूनही काम करतो." आणि मग आवाज खाली आणून, "शिवाय पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे." घरी सुवर्णाला सांगितलं तर ती म्हणाली, "सरळ जाऊन सांगा ना तिला. तिथंसुद्धा साखरेसारखं करू नका." मी तीन वेळा गेलो. एकदा पेट्रोल पंपापर्यंत, एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत, एकदा थेट फाटकापर्यंत. आत स्टोव्हचा आवाज येत होता. परत फिरलो. आणि दर रविवारी वत्सलाबाई पुढच्याच बाकावर असायच्या, पांढऱ्या पातळात, हातात रुमाल. विनंतीच्या डब्यात त्यांची चिठ्ठी नव्हती आणि उपकारस्तुतीच्या डब्यातही नव्हती. गठ्ठे वाचून झाले की त्या माझ्याकडे पाहून किंचित मान हलवायच्या, दुकानदाराला ओळखीचं गिऱ्हाईक मान हलवतं तशी. त्या मान हलवण्याचा अर्थ लावण्यात माझा अख्खा उपदेश निघून जायचा.

मार्चमध्ये मनमाडहून त्यांच्या मुलीचा, सिंधूचा फोन आला. रेल्वे क्वार्टरशेजारच्या बूथवरून, मागे इंजिनाची शिटी. "रंगनाथभाऊ, तुम्ही काय वाचलंत हो त्या दिवशी?" मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला. "आई कायमची यायला तयार झाली होती माझ्याकडे. किती वर्षांनी! ट्रंक बांधून ठेवली होती. आता म्हणते, दीपक आला आणि दाराला कुलूप दिसलं तर परत जाईल. तिची शुगर तीनशेच्या वर गेलीय. परवा मोरीत चक्कर येऊन पडली, शेजारणीनं उचलली. दोन तास तशीच होती म्हणे." मध्ये खरखर झाली. "दीपक कुठं आहे ते देवालाच ठाऊक. वापीला कंपनीत लागला, दोन पत्रं आली, संपलं. आम्ही काय शोधायचं बाकी ठेवलं? भाऊ, तुम्ही वाचलंत, आता तुम्हीच फिरवा. माझं ऐकत नाही ती. एक दिवस एकटीच पडून राहील तिथं." मी म्हटलं, "जातो." ती म्हणाली, "नक्की?" बूथवरचा माणूस तिला वेळ संपल्याचं सांगत होता. मी म्हटलं, "नक्की." हा शब्द मी फार वर्षांनी उच्चारला असेन.

तरी मी ईस्टर होऊ दिला. ईस्टरच्या आधीच्या, दुःखसहनाच्या आठवड्यात कुणाचं काही हिरावून घेऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी त्या गल्लीची पाळी होती. साठ दिवसांनी येते. म्हणजे आज सरकारी कामानं जायचं होतं, आणि सरकारी कामानं माणसाला थोडा धीर येतो. सकाळचे साडेनऊ. वत्सलाबाईंचं मीटर फाटकाच्या आत, लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात आहे. मी उकिडवा बसलो, झाकण सरकवलं, काचेवरची माती अंगठ्यानं पुसली आणि आकडे कार्डावर उतरवले. मग फरक काढला, आणि पुन्हा काढला. या घराचा फरक गेली तीन वर्षं सहा, म्हणजे सहा हजार लिटर. कधी साडेपाच, पण सहाच्या वर नाही. एकटी बाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली आया, पाणी जपून वापरणारी. आज फरक नऊ होता. गळती म्हणावी तर नळ बंद असताना काटा स्थिर. तीन हजार लिटर जास्त. भागिले साठ. रोजचे पन्नास. एका माणसाची आंघोळ आणि एका माणसाचे कपडे.

मी मान वर केली. आवारातल्या तारेवर एक निळा शर्ट वाळत होता. पुरुषाचा. बाह्यांतून अजून पाणी ठिबकत होतं.

पुढे जे झालं ते मी वहीत कुठल्याच रकान्यात टाकू शकत नाही. मी उठलो, खांद्यावरची हत्यारांची पिशवी फाटकाच्या खिळ्याला कशीबशी अडकवली आणि धावलो. फाटकापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं आहेत. परत येताना मोजली. त्या अकरा पावलांत माझ्या मनात एकदाही 'पण' आलं नाही. कशी आली, कुठून आली, कोणत्या वाराला आली, काही नाही. वळणावर जीप होती आणि मी कुणाच्या तरी खांद्यावर होतो. मला अप्पांना हाक मारायची होती. बेचाळीस वर्षांचा माणूस, हातात पाण्याचं कार्ड, आणि मी तोंडानं चक्क "दीपक, अरे दीपक" असं म्हणत ओटा चढलो.

वत्सलाबाई मोरीपाशी होत्या. दगडावर वाफाळती बादली, तिच्यावर उपडा तांब्या, साबणाची नवी वडी, भिंतीच्या खुंटीला टॉवेल. खोलीत एक खाट, तिच्यावर ताणून घातलेली चादर. चादरीवर सुरकुती नव्हती. एवढ्या चांगल्या चादरीवर कुणी झोपलेलं नसतं.

"कुणाला हाक मारतोस रे?" त्या म्हणाल्या.

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. धाप लागली होती. "रीडिंग वाढलंय," मी म्हणालो.

"वाढणारच की. रोज बादली भरते त्याची. दहा वाजेपर्यंत वाट बघते आणि मग कढीपत्त्याला घालते. कपडे ट्रंकेत कुबट होतात म्हणून आळीपाळीनं धुते." त्यांनी बादलीत बोट बुडवून पाहिलं. "दोन महिने झाले, मी म्हणते हा सेक्रेटरी येईल येईल. फाटकापर्यंत येऊन गेलास की एकदा. स्टोव्ह बंद करेपर्यंत पळालास."

"मावशी, त्या रविवारी मी..."

"चुकून वाचलंस. माहितीय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? पेट्रोल पंपापाशी आले आणि पाय थांबले. म्हटलं, वत्सले, घराची किल्ली तुझ्या कमरेला, मग रंगनाथाला काय स्वप्न पडलं?" त्या हसल्या. पुढचे दोन दात नाहीत. "तरी घरी आले. आलेच होते तर कुलूप काढलं. कुलूप काढलं तर पाणी तापवलं."

"मग तुम्ही मनमाडला जा ना मावशी. सिंधू रडत होती फोनवर. माझी चूक मी सगळ्या मंडळीसमोर कबूल करतो. रविवारी वाचतो."

त्या एकदम बसल्या, मोरीच्या कट्ट्यावर. गुडघ्यावर हात. "आणि त्याला परत विनंतीत टाकतोस?" मी हातातल्या कार्डाची कड दुमडली. "तीन वर्षं तू माझी चिठ्ठी वाचतोस. विनंतीला लोक आमेन कसं म्हणतात, ऐकलंयस कधी? तू कशाला ऐकशील. पुटपुटतात. आता ही बाई दर आठवड्याला, असं. मी पुढच्या बाकावर बसते, मला मागचं सगळं ऐकू येतं. आणि त्या दिवशी? सगळं देऊळ म्हणालं रे. मोठ्यांदा. माझ्या दीपकच्या नावाला एवढं मोठ्यांदा कुणी कधी म्हटलं नव्हतं. बाप्तिस्म्यालासुद्धा नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "चूक तुझी असेल. आमेन त्यांचं होतं. आता तिथून त्याला खाली आणायचा म्हणजे... मला नाही जमणार. तुला जमेल?"

मला जमायला हवं होतं. तेवढंच करायला मी आलो होतो. शुगर, चक्कर, मोरीतले दोन तास, सिंधूला दिलेला शब्द, सगळे मुद्दे कार्डावर लिहून आणल्यासारखे डोक्यात तयार होते आणि एकूण एक बरोबर होते. मी तोंड उघडलं आणि समोर ताटातल्या मिठाकडे पाहणारे अप्पा दिसले.

"चिमाजी प्रचारकांची जीपची साक्ष मी तीनदा ऐकलीय," वत्सलाबाई मध्येच म्हणाल्या, जणू त्याही तिकडेच पाहत होत्या. "तुझ्या डोक्यावर हात फिरवलाय मी. मग बंद का केली रे त्यांनी?"

मी कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला सूचना छापलेल्या असतात. त्या वाचल्या.

"सिंधूला काय सांगू?" शेवटी विचारलं.

"सांग, आईला बरं आहे. पाणी जरा जास्त लागतं." त्या कट्ट्याला धरून उठल्या, अर्ध्यात थांबल्या, डोळे मिटले, भिंतीला हात लावला. मी पुढे झालो. त्यांनी मला दूर सारलं. "होतं असं. जातं. ये, हातपाय धू. दहा वाजून गेले, कढीपत्ता तरी किती पिईल."

नाही म्हणायला हवं होतं. मी बूट काढले. मोज्यांना भोक होतं. दगडावर बसलो आणि त्यांनी तांब्यानं माझ्या पायांवर पाणी घातलं. चांगलं कढत, थंडीतून आलेल्या माणसासाठी तापवावं तसं, आणि बाहेर तर एप्रिलचं ऊन होतं. मी खाली पाहत होतो. एवढ्यात फाटकाशी आवाज झाला, लोखंडावर लोखंड.

आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. आधी मी पाहिलं. आणि मी आधी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

"तुझीच पिशवी पडली," वत्सलाबाई म्हणाल्या. मग खुंटीवरचा टॉवेल काढून त्यांनी माझ्या हातात दिला. नवा होता, दुकानातल्या घड्या तशाच, कोपऱ्यात किमतीचा कागद शिवलेला. दीपक गेला त्या वर्षी घेतला असणार. मी तो पायाला लावेपर्यंत मला हे कळलं नाही. कळलं तेव्हा तो ओला झाला होता, त्यावर माझ्या पायाची माती लागली होती, आणि त्या हात पुढे करून तो परत मागत होत्या.